पानशेतच्या सालचं रिव्हॉल्व्हर

प्रश्न : ताई, माझा जन्म १९६१ चा, पानशेतचा पूर ओसरल्यावर महिन्याभराने झालेला. आमचा भुसार मालाचा धंदा, वडिलांच्या काळात भवानी पेठेत आणि नंतर मार्केटयार्डात. रोकड न्यावी लागायची म्हणून बरीच वर्षं माझ्याकडे परवाना आणि कानपूरचं .३२ रिव्हॉल्व्हर आहे. ते चालवायची वेळ कधी आली नाही. खंडेनवमीला वडिलांच्या लोखंडी वजनांशेजारी पाटावर मांडतो, हळदकुंकू वाहतो, पुन्हा कपाटात. आता दुकान मुलाकडे आहे. टेक्सासमधल्या पुतण्याने स्वतःच्या जन्मसाली, म्हणजे १९७४ मध्ये बनलेली तीन रिव्हॉल्व्हरं जमवलीत. फोटो पाहून मलाही ओढ लागली. इथल्या एका ओळखीच्या माणसाने मला १९६१ चं .३८ चं वेब्ली, म्हणजे इंग्लिश बनावटीचं रिव्हॉल्व्हर, दाखवलं. कागद नाहीत. तो म्हणतो, साठ वर्षांवरचं म्हणजे अँटिक, लायसन्स लागत नाही. बायको म्हणते, घरात एक आहे तेच बास. साल खरं कसं ओळखायचं? किती ठेवता येतील? आणि हे दसऱ्याआधी घेऊ का?
– पानशेतच्या सालचा एक शेठ, कोथरूड

नमस्कार शेठ,

दसरा जवळ आलाय, म्हणून शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. घेऊ नका. विसार देऊ नका, ‘आठ दिवस घरी ठेवून बघतो’ म्हणू नका, आणि तो माणूस ते पिशवीत घालून तुमच्या दुकानात आला तर त्याला चहासुद्धा विचारू नका. एरवी या सदरात मी इतकी तुटक बोलत नाही. कुलपं, अडकित्ते, तिकिटं जमवणाऱ्यांना मी ‘आधी घ्या, मग विचार करा’ असंही सांगितलंय. पण कुलूप चुकीचं निघालं तर पैसे जातात. इथे तुम्ही स्वतः जाल.

‘साठ वर्षांवरचं म्हणजे अँटिक’ हे वाक्य जुन्या मालाच्या बाजारात इतकं फिरतं की लोकांना तो कायदाच वाटायला लागलाय. आपला शस्त्र कायदा १९५९ चा. त्यात हत्याराच्या वयावर सूट नाही. कलम ४५ मध्ये जुनाट धाटणीच्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा मोडक्या हत्यारांना सवलत आहे खरी, पण तिला एक अट चिकटलेली आहे : ते हत्यार बंदूक म्हणून वापरता येता कामा नये, दुरुस्त करूनही नाही आणि न करताही नाही. एखाद्या वाड्याच्या माळ्यावरची ठासणीची बंदूक, जिची नळी गंजून बुजलीय आणि घोडा कधीच गळून पडलाय, ती या व्याख्येत बसू शकते. १९६१ च्या वेब्लीला दोन थेंब तेल दिलं की ते उद्या सकाळी चालेल. मग ते साठ वर्षांचं असो नाहीतर नव्वद.

त्यात ते .३८ चं. तुमचं कानपूरचं .३२ आहे, त्यामुळे ‘बोअर’, म्हणजे नळीचं माप, हा नुसता आकडा नव्हे हे तुम्हाला ठाऊक असेल. ज्या रिव्हॉल्व्हरमध्ये .३८० किंवा .४५५ ची रिमवाली, म्हणजे बुडाला कडा असलेली, काडतुसं बसतात आणि उडतात, ती आपल्या नियमांत प्रतिबंधित वर्गात मोडतात. लष्कर-पोलिसांची काडतुसं बाहेरच्या हत्यारात चालू नयेत, हा त्यामागचा हिशेब. इंग्रजांच्या फौजेची गाजलेली रिव्हॉल्व्हरं, पहिल्या महायुद्धातलं .४५५ चं वेब्ली असो की दुसऱ्यातलं .३८ चं एनफील्ड, नेमकी याच दोन मापांची. म्हणजे ज्या वस्तूंवर संग्राहकाचा जीव जडतो, त्याच बंद दाराआड. या वर्गाचा परवाना पुण्यात मिळत नाही, तो दिल्लीच्या गृह मंत्रालयाचा विषय आहे. आणि प्रतिबंधित शस्त्र विनापरवाना जवळ सापडलं, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा किमान ७ वर्षं, कमाल १४. तुमच्या ओळखीच्या माणसाने हा आकडा सांगितला होता का? किंमत नक्की सांगितली असेल.

तुमचा पुतण्या चुकीचं काही करत नाहीये. त्याच्याकडे १८९९ च्या आधी बनलेली बंदूक देशाच्या कायद्याने अँटिक ठरते, आणि ५० वर्षं उलटलेली बंदूक ‘दुर्मीळ आणि अवशेष’ अशा वर्गात जाते. तो वर्ग जमवणाऱ्यांसाठी तिथे वेगळा, स्वस्तातला परवानासुद्धा आहे. म्हणजे माणूस पन्नाशीचा झाला की त्याच्या जन्मसालची बंदूकही त्या वर्गात येते. या छंदाची मजा कळते मला. केक कापण्यापेक्षा बरं. पण ती भाषा तिथली. इकडे १०० वर्षं झालेली वस्तू ‘पुरावशेष’ ठरते ती १९७२ च्या वेगळ्या कायद्याने, आणि तो कायदा वस्तू देशाबाहेर जाऊ नये याची काळजी करतो, शस्त्राचा परवाना माफ करत नाही. २०६१ साली तुम्ही आणि ते वेब्ली दोघंही शंभरीला याल, तेव्हाही त्याला लायसन्स लागेलच.

‘काका, तुमच्यासाठी एक इथे घेऊन ठेवतो’ असं पुतण्या म्हणाला तर खुशाल म्हणू द्या. ते तिथेच राहील. नेमबाजीतले नामांकित खेळाडू वगैरे सोडले, तर बंदूक बाहेरून आणायचा रस्ता सामान्य माणसाला गेली कित्येक दशकं बंद आहे. म्हणूनच आपल्याकडे जुन्या विलायती .३२ ला सोन्याचा भाव येतो.

किती ठेवता येतील? दोन. पूर्वी तीन होती. १४ डिसेंबर २०१९ पासून दोन झाली, आणि ज्यांच्याकडे तीन होती त्यांना वर्षभरात एक जमा करावी लागली. वडिलोपार्जित म्हणूनही सूट नाही, आजोबांची बारा बोअर त्याच दोनात मोजतात. तुमचं एक आहे, म्हणजे एक जागा रिकामी. संग्रहाची लांबी, रुंदी, उंची सगळं मिळून : एक नग.

त्या एका जागेचा सरळ रस्ताही सांगते, नाहीतर म्हणाल ताईंनी नुसतं भिववलं. .३२ लाँग काडतुसाचं जुनं रिव्हॉल्व्हर प्रतिबंधित वर्गात येत नाही. वेब्लीचं मार्क फोर .३२ मध्येही बनायचं. अमेरिकेतल्या स्मिथ अँड वेसनची मॉडेल ३० आणि ३१ ही छोटी .३२ ची रिव्हॉल्व्हरं १९६१ मध्ये कारखान्यात बनत होती. अशी हत्यारं या देशात पूर्वीच येऊन बसलेली आहेत आणि परवानाधारकांच्या हातून फिरतात. कोथरूड पुणे शहर पोलिसांच्या हद्दीत, त्यामुळे दुसऱ्या हत्याराची नोंद परवान्यावर करून घेण्याचा अर्ज आयुक्तालयात. विकणारा एकतर परवाना असलेला दुकानदार हवा, नाहीतर स्वतःचं परवान्यावरचं हत्यार विकणारा माणूस. त्यानेही विक्रीचा इरादा आधी लेखी कळवायचा आणि मग ४५ दिवस थांबायचं. दसऱ्याचा मुहूर्त गाठायचा असेल तर तो पुढच्या वर्षीचा धरा. आणि अर्जात ‘कारण’ असा रकाना असतो. तिथे ‘माझ्या जन्मसालचं आहे’ असं लिहून बघा, आणि समोरच्या अधिकाऱ्याचा चेहरा कसा होतो ते मला नक्की कळवा.

आता साल. तुमच्या पत्रातला हा खरा रंगतदार प्रश्न, आणि याचं उत्तर बंदूक न घेताही कामाला येतं.

आधी आपल्याच जन्मसालाचं बघू. तुमच्या वर्गात १ जूनला वाढदिवस असलेली किती पोरं होती, आठवा. मास्तरांनी घातलेली तारीख, आईने सांगितलेली तारीख आणि खरी तारीख. रिव्हॉल्व्हरचंही तसंच. सांगाडा घडून त्यावर क्रमांक पडला ते एक साल, दाबाची चाचणी होऊन ठसा बसला ते दुसरं, आणि पेटीत भरून कारखान्याबाहेर पडलं ते तिसरं. क्रमांक ओळीने पडतात पण माल ओळीने बाहेर जात नाही. आधीचा नग कोठारात मागे राहतो, नंतरचा पुढे निघून जातो. इंटरनेटवर ‘या क्रमांकापासून त्या क्रमांकापर्यंत १९६१’ अशी कोष्टकं मिळतात, ती अंदाजाला ठीक. पक्कं साल हवं असेल तर स्मिथ अँड वेसन किंवा कोल्टच्या जुन्या नोंदवह्यांतून पत्र मागवतात. त्यात त्या क्रमांकाचा नग कारखान्यातून कधी निघाला ती तारीख येते. पुतण्याला विचारा, त्याच्या तिघांची पत्रं आहेत का. नसतील तर त्याच्या संग्रहातलं एखादं ‘१ जून’वालं असू शकतं.

लष्करी मालावर साल बहुधा सरळ ठोकलेलं असतं, कारण सरकारला हिशेब लागतो. एनफील्डच्या अंगावर ते वाचता येतं, ‘नागां’ नावाच्या रशियन रिव्हॉल्व्हरवरही. त्यामुळे १९४२-४३ मध्ये जन्मलेल्यांची चैन आहे, त्यांचं साल लढाईने लाखोंनी छापून ठेवलंय. तुमचं-आमचं साल शांततेच्या काळातलं, दुकानी मालाचं. त्यावर आकडा नसतो, खाणाखुणा असतात. उदाहरणार्थ, स्मिथ अँड वेसनने १९५७ पासून मॉडेलचा क्रमांक ठोकायला सुरुवात केली, आणि तोही लपवून : काडतुसांचं चक्र बाजूला उघडलं की त्याच्या दांडीमागे सांगाड्यावर दिसतो. १९६२ मध्ये त्यांनी मॉडेल १० च्या चापाच्या कडीपुढचा एक स्क्रू काढून टाकला आणि ठसा ‘१०-४’ असा केला. एक स्क्रू कमी झाला एवढ्यावरून लोक साल ओळखतात. मला हे फार आवडतं. इंग्लिश मालात बर्मिंगहॅमच्या चाचणीघराचे ठसे बघतात.

ठसा खरा की खोटा हे बघायला नजर लागते, आणि ती पैसे घालवून येते. मी एकदा जुन्या बाजारात, बुधवारचा दिवस होता, एक पितळी कुलूप घेतलं. त्यावर १९३४ साल होतं. घरी आणून खिडकीशी धरलं तर आकड्यांच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गोल. जुन्या कुलपाचा साचा काढून, त्यात नवं पितळ ओतून केलेला माल, सालासकट ओतलेला. खरा ठसा हातोडीने बसतो. पोलाद आत घुसतं तेव्हा आकड्याच्या कडेला धातूची बारीक वरंबी उठते, आणि एखादा आकडा हटकून एका अंगाला जास्त खोल जातो. टॉर्च समोरून नाही, आडवी धरायची. मग ती वरंबी सावली टाकते. नवं पॉलिश आणि नवं काळं रंगकाम केलेल्या रिव्हॉल्व्हरला मी हात लावणार नाही, ते याचसाठी. पॉलिशवाल्याने ती वरंबी घासून टाकलेली असते, आणि तिच्याबरोबर साल गेलं. नळीचा क्रमांक, चक्राचा क्रमांक आणि मुठीखालचा क्रमांक जुळतात का हेही बघायचं असतं. न जुळणारं म्हणजे तीन म्हाताऱ्यांचे अवयव जोडून केलेला चौथा.

एक गोष्ट तुमच्या कानपूरवाल्याबद्दल, विचारली नाहीत तरी. ते चामड्याच्या होल्स्टरमध्ये घालून कपाटात ठेवत असाल तर काढा. चामडं दमट हवेतलं पाणी धरून ठेवतं, आणि चामडं कमावताना वापरलेली द्रव्यं लोखंडाला खातात. पुण्याच्या जुलै-ऑगस्टमध्ये नळीच्या तोंडाशी तांबूस ठिपके येतात ते त्यामुळे. हळदकुंकवाचंही तेच. पूजा झाली की त्याच संध्याकाळी कोरड्या फडक्याने पुसा आणि तेलाचा हात द्या. देव रागवत नाही.

वहिनींचं म्हणणं तुम्ही पत्रात एका ओळीत उडवलंत. मला ते वजनदार वाटलं. निवडणूक आली की हत्यार जमा करण्याची नोटीस येऊ शकते, दर पाच वर्षांनी नूतनीकरण, आणि उद्या तुमच्यामागे ते हत्यार पोलीस ठाण्यात नेऊन देण्याची धावपळ कोणी करायची? त्यांनीच. एकाची केली तर दोनाची नको, इतकंच त्या म्हणतायत. तेव्हा ती रिकामी जागा रिकामीच राहू द्या, असं मी म्हणेन. बंदुकीच्या भोवतीचा कागद मात्र जमवा : १९६१ च्या कंपन्यांच्या किंमतपुस्तिका, मासिकांतल्या जाहिराती, वापराची माहितीपत्रकं. पुतण्या हे पाकिटात घालून पाठवू शकतो. काडतूस तेवढं नको, शोभेला एकसुद्धा नको. जिवंत काडतूस म्हणजे दारूगोळाच, मग ते पेपरवेट म्हणून ठेवलेलं का असेना, आणि तुमचा परवाना तुमच्या .३२ पुरता आहे. जुन्या बाजारात रिकाम्या पुंगळ्या विकायला असतात, त्याही तिथेच राहू द्या.

आता मला जे तुमच्या पत्रात सापडलं ते सांगते. चार पानांचं पत्र, इथे छापायला मी ते फार कापलं. त्यातलं पाऊण पान वेब्लीचं आणि दोन पानं पुराची. १२ जुलैला नारायण पेठेतल्या घरात पाणी कुठल्या पायरीपर्यंत चढलं, आईला आठवा महिना असताना माडीवर कसं नेलं, भवानी पेठेतलं दुकान उंचावर म्हणून वाचलं, वडिलांनी त्या आठवड्यात ज्वारी कोणाकोणाला उधार दिली. आणि मधेच एक ओळ : ‘नवी किलोची वजनं नुकतीच घेतली होती, तीच अजून पूजेला मांडतो.’

शेठ, ती वजनं कधीची, याचा विचार केलात का? आपल्याकडे मेट्रिक वजनं १९५८ च्या ऑक्टोबरपासून टप्प्याटप्प्याने आली आणि १९६२ च्या एप्रिलपर्यंत सगळीकडे सक्तीची झाली. म्हणजे १९६१ हे शेर-मणाला निरोप द्यायचं साल. गिऱ्हाईक शेर मागतंय, वडील किलोत तोलतायत आणि दर तोंडी बदलून सांगतायत, असा तो काळ. वजनमाप निरीक्षक वजन तपासून त्यावर ठसा मारायचा, आणि लोखंडी वजनात त्यासाठी एक खळगा ठेवून त्यात शिसं भरलेलं असतं. पोलादावर ठोकायला जोर लागतो, शिशावर ठसा सहज उमटतो, आणि शिसं उकरून कोणी वजन हलकं केलं तर ठसा मोडतो. त्या ठशात साल असतं. साल ठोकलेलं, सरकारी, हातोडीचं, तुमच्याच दुकानात त्याच वर्षी आलेलं, आणि त्याला परवाना लागत नाही. फक्त त्यावर आता माल तोलून विकू नका, तेवढा कायदा तिथेही आहे.

दरवर्षी कुंकू वाहून वाहून ते खळगे भरून गेले असणार. चाकू, स्क्रूड्रायव्हर काही लावू नका, शिसं मऊ असतं. पाच किलोचं आधी घ्या, त्याचा खळगा मोठा. खोबरेल तेलाचा एक थेंब टाकून रात्रभर ठेवा, सकाळी उदबत्तीच्या काडीने कुंकू हळूच बाहेर काढा आणि कोरड्या कापसाने टिपा. मग वहिनींना टॉर्च आडवी धरायला सांगा. आकडे उलटे दिसले तर वजन फिरवा, तुम्ही नका फिरू. ६१ निघालं तर फोटो पाठवा, ६० किंवा ६२ निघालं तरी पाठवा.